नदीच्या तोंडाशी मासेमारी: आधी परत यायची वेळ ठरवा, मग निघायची

नदी समुद्राला मिळते तिथे मासा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे गर्दीपण तिथेच, जाळीपण तिथेच, हद्दीवरून भांडणंपण तिथेच आणि बोटी उलटतात त्यासुद्धा तिथेच. खोल पाण्यात दिवस दिवस काढलेली माणसं घर दिसायला लागल्यावर शेवटच्या तीनशे मीटरमध्ये फसलेली मी बघितली आहेत. एकदा मी स्वतःच फसता फसता वाचलो, ते पुढे सांगतो. हे सगळं छोट्या बोटवाल्यांसाठी आहे म्हणजे पाच-सात मीटरची इंजिनवाली होडी, वल्ह्याची होडी, कयाक, आणि काठावर वाळूत रॉड घेऊन उभे राहतात त्यांच्यासाठीपण थोडं आहे. मोठ्या ट्रॉलरवाल्यांना हे सगळं ठाऊक असतं, निदान असायला हवं.

पहिलं म्हणजे तिथे नेमकं होतं काय ते समजून घ्या. नदी वरून वाळू-गाळ घेऊन येते, समुद्राजवळ आली की पाणी पसरतं, वेग कमी होतो आणि हातातलं ओझं टाकून द्यावं तशी ती वाळू तिथेच टाकते. समुद्राच्या लाटा तीच वाळू परत आत ढकलतात. या ढकलाढकलीत तोंडासमोर वाळूचा दांडा तयार होतो, काही जण त्याला नुसतं बार म्हणतात. बाहेर पाच-सात मीटर पाणी, दांड्यावर एक-दीड मीटर, आणि आत गेलं की परत खोल. बाहेरून येणारी लाट या दांड्यावर आली की खालून अडते, हळू होते, उंच होते आणि फुटते. ढोबळ हिशोब असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट राहिली की लाट फुटायला लागते, म्हणजे दीड मीटरची लाट साधारण दोन मीटर पाण्यात फुटणार. आता याच्यात ओहोटी घाला. नदीचं पाणी जोरात बाहेर येतंय, लाट आत येतेय, दोघं समोरासमोर. लाट आखडते, दोन लाटांमधलं अंतर कमी होतं आणि तिचा उतार भिंतीसारखा उभा होतो. सकाळी भरतीला जिथून तुम्ही आरामात बाहेर पडलात तीच जागा, वारा तेवढाच, लाट बाहेर तेवढीच, आणि दुपारी ओहोटीला तिथे पांढरा फेस नुसता उकळत असतो.

म्हणून वरच्या टायटलमध्ये लिहिलंय ते. बहुतेक लोक निघायची वेळ ठरवतात आणि यायची वेळ मासा लागेल त्याच्यावर सोडतात. उलट करा. परत येताना दांड्यावर भरतीचं पाणी आत जात असेल अशी वेळ आधी पकडा, म्हणजे भरती सुरू होऊन दोन-तीन तास झाल्यापासून ते पूर्ण भरती होईपर्यंत, आणि तिथून मागे मोजत निघायची वेळ काढा. मग कधी पहाटे तीनला उठावं लागतं, कधी त्या दिवशी जमतच नाही. नाही जमत तर नाही जमत.

भरती-ओहोटीचं गणित थोडक्यात. बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या, एका भरतीपासून दुसरीला साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा ५० मिनिटांच्या आसपास उशिरा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं, उतरतं पण सगळ्यात जास्त आणि ओढ सगळ्यात जोरात. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी सुस्त असतं. नवशिक्यांनी पहिल्या काही खेपा भांगातच कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी एकसारखं उतरत नाही हेपण लक्षात ठेवा, सहा तासांचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, मग तीन, परत तीन, मग दोन आणि शेवटी एक. समजा भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक आहे तर पहिल्या तासात फक्त पाव मीटर उतरेल पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून दीड मीटर. म्हणजे ओहोटीच्या मधल्या दोन तासांत दांड्यावर जायचंच नाही, ना बाहेर ना आत.

आणि एक गोष्ट जी टेबल बघून कळत नाही. भरती-ओहोटीचं टेबल पाण्याच्या उंचीचं असतं, प्रवाहाचं नसतं, आणि तेसुद्धा जवळच्या कुठल्यातरी बंदराचं, तुमच्या नदीच्या तोंडाचं नव्हे. टेबलप्रमाणे ओहोटी संपलेली असते, बाहेर समुद्र चढायला लागलेला असतो, तरी नदी अर्धा तास, तासभर बाहेर वाहतच राहते कारण आत साठलेलं पाणी अजून निघायचं असतं. वर डोंगरात पाऊस झाला असेल तर विचारूच नका, तोंडाशी कडकडीत ऊन आणि नदी मात्र लाल पाणी आणि ओंडके घेऊन येतेय असं होतं. याच्यावर उपाय म्हणजे स्वतःची नोंद. मी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवतो: टेबलमधली वेळ, आणि पाणी खरोखर उलटं वळलं ती वेळ. बांधलेला बोया (पाण्यावरची तरंगती खूण) किंवा नांगरलेल्या होडीचं तोंड फिरलं की पाणी वळलं, इतकं सोपं आहे ते. दहा-पंधरा नोंदी झाल्या की तुमच्या जागेचा फरक किती ते तुम्हाला कळतं, आणि तो फरक तुम्हाला दुसरीकडे कुठेच छापलेला मिळणार नाही.

आता हद्दीकडे येतो, कारण ह्याच्यावर लोक सगळ्यात जास्त बेफिकीर असतात. नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. देशांच्या पातळीवर याचं उत्तर १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात दिलेलं आहे, नववं कलम: नदी थेट समुद्रात जात असेल तर दोन्ही काठांवरच्या ओहोटीच्या पाणरेषेवरचे बिंदू जोडून तोंडावर सरळ रेघ मारायची, ती आधाररेषा. तिथून पुढे १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाचा प्रादेशिक समुद्र. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, तेव्हा १२ मैल म्हणजे २२ किलोमीटरच्या थोडं वर. पण तुमच्या-माझ्यासारख्याला लागते ती वेगळी रेघ, मत्स्य खात्याची. नदीतल्या मासेमारीचे नियम वेगळे, समुद्रातले वेगळे, परवाना वेगळा, जाळ्याच्या आसाचं म्हणजे भोकाचं माप वेगळं, बंदीचे महिने वेगळे असू शकतात, आणि ही रेघ कधी पूल असतो, कधी दोन काठांवरचे खांब, कधी नुसते अक्षांश-रेखांश लिहिलेला कागद. त्याच्यावर आणखी बऱ्याच ठिकाणी तोंडाच्या आसपास ठराविक अंतरात मासेमारीच बंद असते, कायमची किंवा हंगामापुरती.

हे उगाच त्रास द्यायला केलेलं नसतं. हिल्सासारखा मासा समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो, ईल उलटी नदीतून समुद्रात जाते, आणि सगळ्यांना ह्याच एका अरुंद दारातून जावं लागतं. पाणी खारट-गोडं होतं तिथे मासे थांबतात, अंगाला सवय करून घेतात, भरतीची वाट बघतात. दारातच जाळं लावलं तर पुढच्या वर्षीचा मासापण आजच गेला. कोळंबीची आणि बऱ्याच माशांची पिल्लं याच मचूळ पाण्यात वाढतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी पात्राची पूर्ण रुंदी जाळ्यानं अडवायला मनाई असते, येण्याजाण्याचा मार्ग मोकळा ठेवावा लागतो.

नियम शोधताना तीन प्रश्न विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या किंवा नोटिशीचा फोटो काढून ठेवा. रेघ कुठून कुठे आहे? अंतर कशापासून मोजायचं, भरतीच्या रेषेपासून की ओहोटीच्या? आणि मोजताना बोट कुठे आहे ते बघतात की जाळं-गळ कुठे आहे ते? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि अडकतात ते इथेच. तुमची बोट रेघेच्या बाहेर उभी आहे पण सोडलेलं जाळं भरती-ओहोटीबरोबर शंभर मीटर आत-बाहेर सरकलंय, मग अधिकारी आल्यावर बोटीकडे बोट दाखवून काय उपयोग. बंद भागातून नुसतं जायचं असेल तरी जाळी गुंडाळून, गळ काढून ठेवलेले असू देत, अर्धं जाळं पाण्यात आणि अर्धं बोटीत अशा अवस्थेत तुम्ही फक्त जातच होता हे कोणाला पटवून देणार.

काठावरच्या पाटीवर विसंबू नका. वाळूचं टोक दरवर्षी सरकतं, एका मोठ्या पुरात तोंडच दोनशे मीटर बाजूला गेलेलं असतं, पाटी मात्र जुन्या जागी उभी. कागदावर आकडे असतील तर आकडे धरा. आणि आकडे मोबाईलमध्ये टाकताना जरा जपून, इथे एक गंमत आहे. अंश-मिनिटं-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटं, आणि नुसते दशांश अंश, असे तीन प्रकार चालतात. १० अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १०.५, पण घाईत कोणी १०.३० टाकतो. अशी चूक लगेच कळते कारण खूण २२ किलोमीटर लांब, कुठल्यातरी भलत्याच ठिकाणी पडते. कळत नाही ती बारीक चूक. नोटिशीत ३० मिनिटं ४५ सेकंद लिहिलंय आणि तुम्ही जीपीएसमध्ये ३०.४५ मिनिटं टाकलीत. ४५ सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, म्हणजे टाकायला हवं होतं ३०.७५. फरक ०.३ मिनिटाचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तर हा फरक झाला साडेपाचशे मीटर, आणि नकाशावर ती खूण पाण्यातच, तोंडाच्या जवळच, अगदी बरोबर वाटेल अशा जागी दिसते. माझ्या एका मित्रानं अख्खा सीझन अशाच चुकीच्या रेघेला मान देऊन मासेमारी केली, नशीब चूक सुरक्षित बाजूला होती, म्हणजे तो नको तितका लांब राहत होता आणि मासा मिळत नाही म्हणून कुरकुरत होता.

रेघेला चिकटून उभं राहू नका. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतंच, पण खरा घात करतो प्रवाह. दोन नॉट ओढ म्हणजे सेकंदाला एक मीटर, मिनिटाला साठ मीटर. गळाला गुंता झाला, तुम्ही मान खाली घालून दहा मिनिटं तो सोडवत बसलात, मान वर केली तेव्हा सहाशे मीटर वाहून गेलेले आहात. हद्दही ओलांडली आणि दांड्याजवळही आलात. म्हणजे हद्द आणि धोका ह्या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या तरी मान खाली गेली की दोन्ही एकदमच ओलांडल्या जातात. जीपीएसवर अलार्म लावायची सोय असते, रेघेच्या दोन-तीनशे मीटर आधी वाजेल असा लावून ठेवा.

वल्ह्याची होडी आणि कयाकवाल्यांनी हाच हिशोब आणखी कडक लावायचा. सतत वल्हं मारत साधा माणूस तीन नॉटच्या आसपास जातो. ओहोटी तीन नॉटची असेल तर तुम्ही जीव तोडून वल्हवताय आणि काठावरचं झाड जागच्या जागी. तेव्हा प्रवाहाशी भांडू नका, आडवे काठाकडे सरका, काठाजवळ ओढ कमी असते.

निघायच्या आधी बोटीवर काय काय ते. लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. मागे एकदा एका ओळखीच्याच्या बोटीवर गेलो होतो, विचारलं जॅकेट आहेत का, तर हो हो सहा आहेत म्हणाला. काढून दाखव म्हटलं. पुढच्या कप्प्यात, जाळ्याच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला तीन गाठी, ओली होऊ नयेत म्हणून! घड्याळ लावलं, पहिलं जॅकेट बाहेर यायला चार मिनिटं लागली, तेसुद्धा बोट धक्क्याला बांधलेली असताना. दांड्यावर बोट उलटायला चार सेकंद लागतात. जॅकेटवर न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे ते किती जोरानं तरंगवतं त्याचा: ५० वालं पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथे, १०० आणि १५० वालं डोकं वर धरायला जास्त ताकदीचं, तोंडाशी जायचं तर किमान १०० घ्या असं मी म्हणेन. पट्टे आवळून बांधा, पोरांच्या जॅकेटला पायांमधला पट्टा हवाच नाहीतर पोरगं खाली आणि जॅकेट वर असं होतं. किल स्विचची दोरी हाताला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, म्हणजे तुम्ही पाण्यात पडलात तर इंजिन बंद पडेल, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून तुमच्याच अंगावर येते.

नांगर पुढच्या टोकाशी, दोर मोकळा, गुंता नसलेला, लगेच टाकता येईल असा. कारण दांड्यावर इंजिन बंद पडलं तर तुमच्याकडे दहा-वीस सेकंद असतात आणि तेव्हा नांगर हाच ब्रेक. दोर खोलीच्या पाचपट तरी सोडायचा, लाट असेल तर सातपट. नांगर पुढूनच टाकायचा. मागून टाकला की मागची बाजू लाटेकडे धरली जाते, ती आधीच इंजिनच्या वजनानं खाली असते, एक लाट आत आली की संपलं. दोर कापायला एक धारदार सुरी हाताशी, बोयाचे दोर आणि तुटकी जाळी इंजिनच्या पंख्यात अडकणं हे तोंडाशी रोजचं आहे. इंधन तीन भागांत मोजा, एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. सामान खाली आणि मध्ये, बांधून. पकडलेला मासापण बांधलेल्या खोक्यात, मोकळा पडलेला मासा बोट कलली की एका बाजूला घसरतो आणि कललेल्या बोटीला आणखी कलवतो, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही.

मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, पण मोबाईलवरच भरवसा नको. शक्य असेल तर व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा आपसात बोलायचा) घ्या आणि चॅनल १६ वर ठेवा, संकटासाठी जगभर तोच, १५६.८ मेगाहर्ट्झ. फोन एकालाच लागतो, चॅनल १६ वरची हाक आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात, आणि सगळ्यात आधी पोचते ती बहुतेक वेळा शेजारचीच बोट. खरंच जिवावर बेतलं तर मेडे (संकटाची हाक) तीन वेळा, बोटीचं नाव, कुठे आहात, काय झालंय, किती माणसं. नावानंतर लगेच जागा सांगा, बॅटरी मध्येच गेली तरी निदान कुठे यायचं ते कळलेलं असतं.

आता प्रत्यक्ष दांडा ओलांडायचा कसा. आधी थांबा. काठावर उंच जागा असेल तर तिथून, नाहीतर आतल्या शांत पाण्यात बोट धरून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. लाटा गटानं येतात, चार-सहा मोठ्या आणि मग जरा उसंत. ती उसंत किती सेकंदांची असते ते मोजा आणि दांडा ओलांडायला तुम्हाला किती लागतील त्याच्याशी ताडून बघा. पाण्याचा रंग बघा, गडद पट्टा म्हणजे बहुतेक खोल वाट, फिकट किंवा मातकट आणि वर फेस म्हणजे वाळू. मला हे एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं शिकवलं, मी विचारत होतो काका कुठून जाऊ, डावीकडून की उजवीकडून, तर म्हणाला, "मला काय विचारतोस, काल होती ती वाट आज असंल कशावरून, बस इथं आणि बघ." तेव्हा राग आला होता.

सगळा धोका लाटेच्या उंचीतच असतो असंही नाही, दोन लाटांमधला वेळपण बघा. वारा शांत असूनसुद्धा लांब कुठेतरी झालेल्या वादळाची लाट येते, बारा-चौदा सेकंदांच्या अंतरानं, खोल पाण्यात ती नुसती अंग हलवल्यासारखी वाटते आणि दांड्यावर आली की अचानक दुप्पट उभी राहते. हवामानाच्या अंदाजात उंची कमी आणि सेकंद जास्त असतील तर खूश होऊ नका.

बाहेर जाताना लाट समोरून घ्या, अगदी नाकावर नाही तर थोडी तिरपी. वेग इतकाच की बोट तुमच्या ताब्यात राहील. लाटेवर चढताना गॅस द्या, माथ्यावर पोचलात की कमी करा, नाहीतर बोट उडून पलीकडे आपटते, माणसं आणि इंजिन दोन्ही मोडतात. फुटणारी लाट टाळता येत असेल तर टाळा, पण बाजू तिच्याकडे करू नका. आणि एकदा दांड्यावर चढलात की मागे फिरायचं नाही. फिरताना बोट आडवी होते आणि आडवी बोट म्हणजे उलटलेली बोट, निर्णय जो काय घ्यायचा तो अलीकडे घ्या.

परत येणं जास्त अवघड, आणि त्याचं कारण मला माझ्या चुकीतून कळलं. जाताना लाट समोरून दिसते, तिचा उभा उतार, फेस, सगळं भीतिदायक दिसतं म्हणून माणूस आपोआप जपतो. येताना तुम्हाला दिसते फक्त लाटेची पाठ, गोल, गुळगुळीत, काही नाहीच असं वाटावं अशी. त्या दिवशी मला यायला उशीर झाला होता, मासा लागत होता म्हणून, ओहोटी लागून दोन तास उलटलेले, आणि बाहेरून बघताना दांडा चक्क शांत वाटला. गेलो सरळ. मधे पोचलो तेव्हा मागून आवाज आला, वळून बघितलं तर माझ्या खांद्याएवढी उभी लाट, बोटीची मागची बाजू उचलली गेली, नाक खाली घुसलं आणि बोट एका बाजूला वळायला लागली. सुकाणू फिरवून काही होत नव्हतं, पंखा अर्धा हवेत. थोडक्यात सावरलो, का सावरलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही, लाट जरा आधी फुटून बसली एवढंच.

तर येताना असं करायचं. बाहेरच थांबून गट मोजा, बाहेरून फेस नीट दिसत नसतो म्हणून दुप्पट वेळ बघा, काठावर माणूस असेल तर फोन करून विचारा की आतून कसं दिसतंय. शेवटची मोठी लाट गेली की तिच्या पाठीमागे लागा आणि तिच्या पाठीवरच राहा. तिच्या वेगानं. पुढे जाऊन तिच्या माथ्यावरून खाली उतरायचं नाही, आणि इतकं हळूही नाही की मागची तुम्हाला गाठेल. दोन मीटर पाण्यात लाट ताशी पंधरा-सोळा किलोमीटरनं येते, तेव्हा तुमची बोट भरलेली असताना तेवढी पळते का हे आधीच, शांत पाण्यात तपासून ठेवा. पळत नसेल तर तुमच्यासाठी येण्याची एकच वेळ, भरतीचा शेवट. शंका आली तर बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून पाणी वळायची वाट बघा किंवा दुसऱ्या बंदरात जा. चार तास बाहेर बसायला कंटाळा येतो, मासा खराब होतो, घरून फोन येतात, सगळं मान्य, पण बसा.

आत आल्यावर वाहतुकीचे नियम. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात अरुंद मार्गात शक्य तितकं उजवीकडून जायचं असं आहे, आणि मासेमारी करणाऱ्यानं त्या मार्गातल्या दुसऱ्या कोणाचीही वाट अडवायची नाही. आपण मासेमारी करतोय म्हणजे सगळ्यांनी आपल्याला वळसा घालावा हा समज तोंडाशी चालत नाही. गरज नसताना मार्गात नांगर टाकू नका. मोठ्या जहाजानं पाच छोटे भोंगे दिले तर ते तुम्हाला नमस्कार करत नाहीये, तुझं काय चाललंय मला कळत नाही असं म्हणतंय, बाजूला व्हा. बोयांचे रंग: जगाच्या बऱ्याच भागात, म्हणजे युरोप, आफ्रिका, आशियाचा बहुतेक भाग, ऑस्ट्रेलिया, समुद्रातून आत येताना लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे ठेवायचा. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बरोब्बर उलटं. रात्री लाल दिव्याखाली पांढरा दिवा दिसला तर जाळं किंवा लांब दोर टाकून मासेमारी चालू आहे, हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉल (बोटीमागून ओढायचं जाळं) ओढतोय, त्याच्या मागून अगदी जवळून जाऊ नका.

बोट उलटलीच तर बोटीला धरून राहा. काठ जवळ वाटतो, ओहोटीत तो जवळ नसतो. उलटी बोट लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. पाणी थंड असेल तर पहिलं मिनिटभर धाप लागते, तेव्हा पोहायचा प्रयत्न न करता फक्त तोंड वर ठेवा, धाप ओसरते. दुसरा कोणी पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका, दोर फेका, आणि त्याला बोटीत घेताना इंजिन बंद.

काठावर उभे राहणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. वाळूच्या टोकावर जाताना मागे वळून बघा, टोक आणि काठ यांच्यामध्ये सखल जागा असेल तर भरतीचं पाणी आधी तिथे भरतं, तुमच्या पायाशी यायच्या आधी, आणि तुम्ही बेटावर राहता. आणि चिखलात पाय रुतला तर दुसऱ्या पायावर जोर देऊन तो उपसू नका, मागे झुकून बसा, वजन पसरा, मग हळूहळू पाय हलवत काढा.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून पाठवा: कोण कोण आहे, कुठे जातोय, किती वाजता दांडा ओलांडून आत येणार, आणि त्या वेळेनंतर किती वाट बघून मदत बोलवायची. मी हा मेसेज मेव्हण्याला पाठवतो. एकदा आत येऊन बोट धुतली, मासा उतरवला, गप्पा मारत बसलो आणि फोन पाऊचमध्येच. वर आलो तर मेव्हणा धक्क्यावर, त्याच्याबरोबर दोन बोटी इंजिन चालू करून निघायच्या तयारीत, आणि त्यांच्यातल्या एकानं माझ्यासाठी स्वतःचं जाळं पाण्यातच सोडून दिलेलं. तेव्हापासून दोर खुंट्याला बांधला की आधी फोन, मग मासा.